लीलाधर नानांची पुढची खेप

आमच्या मेहरूणमध्ये नळाला पाणी येतं त्या सकाळी घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्या दिवशीही मोटर चालू होती, टाकी भरत होती, गॅसवर दूध होतं. एका हातात पाइप धरून मी दुसऱ्या हाताने कणीक झाकत होते. सासूबाई मेथी निवडता निवडता मागच्या वेळी टाकी माझ्यामुळे कशी वाहून गेली ते भिंतीला सांगत होत्या, आणि आमचे हे, ज्ञानेश्वर, स्वतःच्याच खिशातली गाडीची किल्ली घरभर शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. टक टक. दोनदाच.

बेल असताना बोटाच्या पेरानं दार वाजवणारा, आणि तेही मोजून दोनदा, असा माणूस आमच्या गल्लीत एकच. एसटीत दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा.

"आले कंट्रोलर," सासूबाई म्हणाल्या. "आधी दुधाकडे बघ."

मी आधी दाराकडे गेले. दूध गेलंच उतू.

दारात लीलाधर नाना. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पँटीला सुरीसारखी इस्त्री. मागे त्यांच्या पुष्पाबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांच्या हातात वाटीभर ओल्या हळदीचं लोणचं. अक्का कुणाच्याही घरी रिकाम्या हाताने जात नाहीत.

"रूपाताई," नाना म्हणाले, "थंडी पडली आहे. बाजारात भरताची वांगी आलेली आहेत. बोटीचं ठरवून घेऊ या."

नाना बोलतात ते असं. छापलेलं. कारण आयुष्यभर ते जळगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकसमोर बसले. जामनेरला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली, पहूरमार्गे जाणाऱ्या प्रवाशांनी सामान सांभाळावं, कुणाचं हरवलेलं पोरगं चौकशी खिडकीपाशी रडत बसलं आहे, हे सगळं त्यांच्या आवाजात अर्ध्या खान्देशानं ऐकलेलं आहे. मूळचे ते धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडच्या तापीकाठच्या गावचे. अक्का अजून ठणठणीत अहिराणी बोलतात. नाना घरातसुद्धा फलाटावरची मराठी बोलतात. अक्का म्हणतात, "आमनं भांडन व्हयनं तरी यास्ना आवाज माइकमाईन येस."

गाड्या सोडता सोडता स्वतः मात्र ते कुठे गेले नाहीत. सणावाराला गर्दी वाढायची, म्हणून रजा नाही. सुट्ट्या लागल्या की जादा गाड्या, म्हणून रजा नाही. अक्कांनी महाराष्ट्रातलं गावन् गाव नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि पाहिला तो मेहरूणचा तलाव.

रिटायर झाल्यावर नानांचे काही दिवस फार वाईट गेले. सकाळी उठून तयार होऊन ओट्यावर बसायचे आणि गल्लीतून जाणाऱ्या रिक्षांकडे बघायचे. मग एकदा दोघं चांगदेवला दर्शनाला गेले. तिथे तापी-पूर्णेच्या संगमावर जीवराम भाऊची इंजिनाची बोट होती. उतारू कसेही चढत होते, पोरं कडेला लटकत होती, एक बाई छत्री उघडून बोटीत उभी होती. नानांना ते बघवेना. त्यांनी काठावरूनच आवाज लावला. रांग लागली. पोरं मध्ये बसली. छत्री मिटली. जीवराम म्हणाला, "नाना, रोज येत जा ना भाऊ." नाना रोज तर गेले नाहीत, पण घरी आले ते नवा माणूस होऊन. त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीची पहिली बोट सुटली. सकाळी निघायचं, घराघरांतल्या मंडळींनी आळीपाळीने बोटीत फिरायचं, काठावर भरीत-पुरी खायची आणि दिवेलागणीला परत. तेव्हापासून दरवर्षी.

ठरवण्याचं काम आमच्याकडे होतं, कारण पाट आमचा मोठा आहे. नानांनी पाट मांडला आणि शेंगांचं सूप मागून घेतलं. पाट म्हणजे बोट, शेंगा म्हणजे माणसं.

"ही एवढी जाड शेंग कोण?" सासूबाईंनी मेथीतून मान वर केली.

"तुम्ही, वहिनी. तुम्ही मध्ये बसायचं. बोट तुमच्या भरवशावर."

"वजनावर म्हणा की सरळ!"

"आणि रूपाताई पुढच्या फळीवर. सासू-सून एका फळीवर नकोत. गेल्या वर्षी टाकी कुणी वाहू दिली या विषयावर बोट हलली होती."

ह्यांना हसू आलं, आणि हसता हसता खिशातली किल्ली वाजली. ती सापडल्यावर ते गेले. मी पाटाच्या टोकाला हळूच एक शेंग ठेवली.

"ही कोण?"

"तुम्ही, नाना."

नानांनी शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले. "कंट्रोलर गाडीत बसत नसतो, रूपाताई. गाडी सुटल्यावर स्टँडवर कुणीतरी लागतं."

हेही दरवर्षीचंच. सगळी गल्ली त्या बोटीत बसली, अक्का बसल्या, गल्लीतल्या पाहुण्यांचे पाहुणे बसले. नाना काठावर. वांगी भाजत बसायचे आणि खेपा सोडायचे. कुणी म्हटलंच, तर "पुढच्या खेपेला बसतो" म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला कुणी ना कुणी वाढायचंच.

अक्का चहाचं निमित्त करून माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या. "रूपा, संक्रांत झायी का ललित आमले सुरतले लई जास. घर भाड्यानं देनं शे."

ललित त्यांचा मुलगा. दोघांना सुरतेला न्यायला तो कधीपासून मागे लागला होता हे ठाऊक होतं, पण एवढं जवळ आलंय हे माहीत नव्हतं. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"या सालनी बोट शेवटनी," अक्का म्हणाल्या. "एकदा तरी त्यास्ले बोटमा बठाडा. मनमा शे त्यास्ना, माले मालूम शे. पन त्यास्ना सोभावच नही मांगाना."

चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

"नाना, या वर्षी चूल पलीकडच्या काठावर मांडू या. तिकडे निंबाची सावली आहे, गर्दीही नाही."

"मग अलीकडे कोण थांबणार?"

"कुणीच नाही. सगळेच पलीकडे. स्टँडच हलवू या."

नानांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. पाटावरच्या शेंगा इकडच्या तिकडे केल्या. मग शेवटच्या खेपेच्या रांगेत, अगदी टोकाला, त्यांनी स्वतःच्या हाताने एक शेंग ठेवली. आणि ती फोडली नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून त्या हसल्या, असं वर्षातून एखाद्या वेळेस होतं.

एवढं सगळं ठरलं, पण आम्ही जळगावकर जे करणार ते केलंच. माणसं मोजली आणि वांगी मोजली नाहीत.

भरताचं आमच्याकडे असं असतं, की माणूस कमी चालेल, वांगं कमी चालत नाही. प्रत्येक घराला वाटलं, ऐन वेळी कमी पडायला नकोत. मग ज्यानं त्यानं आपापली पिशवी आणली, ती हिरवी, लांबलचक, लेकरासारखी कडेवर घेता येतील अशी वांगी. भाजायला कपाशीच्या काड्या तिकडे मिळतील म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या काड्या ओल्या असतात," आणि दोन भारे घरचे बांधले. तेलाची कढई, पुऱ्यांसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, कांद्याची पात, पाण्याचे जार. आणि बडगी. भाजलेली वांगी ठेचायला लाकडाची ती खोल परात लागते आणि लाकडाचीच जाड मुसळी. चमच्याने कालवलेल्याला किंवा मिक्सरमधून काढलेल्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, चटणी म्हणतात, आणि तेही तोंड वाकडं करून.

रविवारी दोन क्रूझर भरून चांगदेवला पोचलो. ऊन कोवळं होतं, पाणी काचेसारखं. पांढरे-करडे पाहुणे पक्षी लांब पाण्यावर दाटीने बसले होते, आणि आमची पोरं त्यांच्याहून जास्त कलकलाट करत होती. जीवराम भाऊनं केशरी जॅकेटं काढून ठेवली होती. ढीग बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"नाना, हे काय वांगे आनले का बाजार उठवून आनला?"

"सामान शेवटच्या खेपेला," नाना म्हणाले.

"शेवटच्या घ्या नाहीतर पयल्या घ्या, वांगे बी मानसातच मोजा लागतीन. पान्याले काय कळते, कोन बोलते अन् कोन नाही बोलत!"

नानांनी काठावर जागा धरली. एका हातात स्टीलचं ताट घेतलं. घंटी नव्हती, म्हणून सामानातली मुसळी उचलली.

"चांगदेव ते पलीकडचा निंब, पहिली खेप. लहान मुलांनी मध्ये बसावं. मोबाइल पिशवीत ठेवावेत. फोटो पलीकडे काढता येतील." आणि ताटावर दोन टोले. ढण ढण.

बोट सुटली. सासूबाई मधोमध, जॅकेटात, गणपतीसारख्या. पाण्याला घाबरत नाही असं घरी सांगून आल्या होत्या, म्हणून डोळे मिटून घाबरत होत्या. दुसऱ्या खेपेला अक्का गेल्या. बोटीत चढताना त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी म्हटलं, "येतोच आम्ही, अक्का. दोघंही."

शेवटच्या खेपेला राहिलो आम्ही. ज्ञानेश्वर, मी, शेजारची दिपमाला, नाना आणि वांग्यांचा तो डोंगर. जीवरामने सामान नीट लावलं, फळ्या मोजल्या आणि म्हणाला, "बसता येईल, नाना. बराबर चार." नानांनी जॅकेट घातलं. पट्टा लावताना त्यांच्या बोटांना थोडी घाई झाली होती. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. धुळ्याची गाडी. दिपमालाचे व्याही आणि विहीणबाई.

"म्हटलं, बोट बघून तर येऊ!" व्याही उतरता उतरता म्हणाले. "तुमच्या नानांच्या बोटीचं फार ऐकलं होतं."

दिपमालाचा चेहरा कणकेसारखा झाला. लेक दिलेल्या घरची माणसं, नवं नवं नातं. त्यांना थांबा म्हणायची सोय नाही, आणि नुसतं चला म्हणायला जागा नाही.

"वांगी खाली काढा," मी म्हटलं. "वांगी मागून येतील."

पलीकडून आवाज आला. पाण्यावरून स्पष्ट येतो आवाज. "ओ नाना! वांगी पाठवा! काड्या पाठवा! पोरांना भुका लागल्या!" त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. डोळे उघडले होते बहुतेक.

नानांनी पट्टा सोडला. जॅकेट काढून व्याह्यांच्या पुढे धरलं. "या, दादा. तुम्ही पुढच्या फळीवर. विहीणबाई मध्ये बसतील. दिपमालाताई, तुम्ही पाहुण्यांबरोबर असायलाच हवं. मी पुढच्या खेपेला येतो."

विहीणबाईंना जागा पाहिजे होती, आणि नानांना एकटं सोडायला माझं मन होईना. मीही जॅकेट काढलं. ह्यांनी उठायला केलं, तर मी डोळ्यांनीच खाली बसवलं. पलीकडे बडगी कोण उचलणार होतं?

ढण ढण. बोट गेली.

पलीकडे धूर निघाला. काड्यांचा तो वास वाऱ्यानं आमच्यापर्यंत आला. पोरं पळताना दिसत होती. जीवरामची बोट काठाला बांधलेली दिसत होती, आणि जीवराम काही बोटीत दिसत नव्हता.

"त्याला चुलीला लावलेलं दिसतंय," मी म्हटलं. "फोन करते ह्यांना. नाना इकडे आहेत हे कुणाच्या ध्यानात तरी आहे का?"

"राहू द्या, रूपाताई. फलाटावर गाडी लागलेली नसताना हाका मारून उपयोग नसतो. लोक उगाच धावपळ करतात."

आम्ही दगडावर बसलो. नाना मुसळी मांडीवर घेऊन. मी रागातच होते. मग नाना स्वतःहून बोलले, आणि आवाज स्टँडवरचा नव्हता.

"आमच्या गावी तापीवर होडी होती. बाजारच्या दिवशी पलीकडे जायची. आमचे आबा, कौतिक आबा, होडीवर उतारू बसवायचे. मी रोज जाऊन बसायचो. उतारू वाढले की आबा मला उतरवायचे. म्हणायचे, तू घरचा, पुढच्या खेपेला. पुढची खेप भरूनच यायची. मग मी काठावर लोकांच्या शेळ्या धरायचो."

"एकदाही नाही बसलात?"

"नंतर पूल झाला. होडी बंद पडली."

"आबांना कधी म्हणाला नाहीत?"

"ते काय म्हणायचं? घरच्या माणसानं जागा मागायची असते का?"

मी तोंडात आलं ते बोलले. "नाना, तुम्ही एवढी वर्षं स्टँडवर होतात. उतारू तोंडानं गाव सांगतो, तेव्हा कंडक्टर तिकीट फाडतो. नुसता हसून उभा राहिला तर काय समजेल कंडक्टर? पोचवायला आला असेल, असंच ना?"

नाना हसले. मुसळीवरची धूळ बोटानं पुसत बसले. मग म्हणाले, "सुरतेलाही तापीच आहे म्हणतात. इथून गेलेलंच पाणी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ज्ञानेश्वर.

"अगं, मुसळी कुठाय?"

"काय?"

"मुसळी! वांगी भाजली, सोलली, बडगीत टाकली, आणि मुसळी नाही. दिपमाला म्हणते दगडानं ठेचू, तर आई म्हणते व्याह्यांच्या दाताखाली खडा गेला तर मी नाही जबाबदार. व्याही म्हणतात चमच्यानं कालवा, तर आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते लांब जाऊन बसले. सगळे खोळंबलेत."

"नाना कुठे आहेत हे नाही विचारलंत."

मग हे हळूच म्हणाले, "अरे देवा. मला वाटलं तुम्ही दोघं व्याह्यांच्या गाडीत आरामात बसलात. जीवरामला पाठवतो."

मी नानांना काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. ते हातातल्या मुसळीकडे बघून एकटेच हसत होते, खांदे हलवून.

इंजिनाचा आवाज आला. बोट काठाला लागली, रिकामी. जीवरामच्या गालाला काजळी लागली होती.

"द्या नाना मुसळी, लवकर द्या! तिकडे लोकं ताटं वाजवून राहिले. वहिनी, तुम्ही बसा."

"आणि नाना?" असं मी म्हणणार होते. जीभ दाताखाली धरली आणि गुपचूप जाऊन बसले. जीवरामचा काय दोष? इतक्या वर्षांत त्यानं नानांना काठावरच पाहिलं होतं. त्यानं एक हात मुसळीसाठी पुढे केला आणि दुसरा इंजिनाच्या दोरीला लावला.

"द्या, अन् दोन टोले मारा. निंघतो."

नानांनी सवयीनं मुसळी पुढे केली. जीवरामच्या बोटांना ती लागलीही असेल. पलीकडे निंबाखाली सगळे उभे होते, आणि सगळ्यांच्या पुढे, पाण्याशी, डोळ्यांवर हात धरून अक्का.

नानांनी मुसळी मागे घेतली, काखेत धरली आणि ताट माझ्या हातात दिलं. बोटीत पडलेलं केशरी जॅकेट उचलून झटकलं. आणि जो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, अक्कांच्या बोलीतला, त्या आवाजात म्हणाले,

"जीवराम, थांब. माले बी बठनं शे."